उजव्या खांद्यावरचा पदर

फिल्मची बाजू मी ओठानं ओळखतो. पट्टीचं टोक ओलसर खालच्या ओठाला अलगद लावायचं. जी बाजू किंचित चिकटते तिच्यावर चित्र असतं, जी घसरते ती नुसती पाठ. नव्या फिल्मची चित्राची बाजू मंद आणि पाठ चकचकीत दिसते, पण जुन्या, पिवळ्या पडलेल्या पट्टीत डोळा फसतो. ओठ फसत नाही, असं मी रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला आजवर ठासून सांगत आलो. यंदाच्या उन्हाळ्यात तोच ओठ मला नडला.

या अंकाच्या संपादकांना माझी वाटचाल हवी होती. ती तीन ओळींत संपते. वडील भंडाऱ्याकडून येऊन इथं रेल्वेत खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचे मजूर, झाले. मी नोकरीसाठी कोणाच्या दारात उभा राहिलो नाही. सोळा मिलिमीटरचा जुना प्रोजेक्टर सायकलला बांधून गणपतीत आणि विश्वकर्मा पूजेला सिनेमे दाखवत फिरलो, मग लग्नांचे व्हिडिओ काढले. आता लोकांच्या जुन्या कॅसेटी आणि रिळं पेन ड्राइव्हवर उतरवून देतो. उरलेली पानं मी कामाच्या गोष्टीला वापरतो.

काम बाहेरून वाटतं तसं नाही. डबा उघडला की आधी वास घ्यायचा. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्म सडायला लागली आहे, हातातलं बाकी सगळं सोडून आधी ती घ्यायची. मग पट्टी बोटांमधून सोडत तुटके सांधे शोधायचे. सांधा जोडताना चित्राच्या बाजूचा थर खरवडावा लागतो, म्हणून ती बाजू कोणती हे माहीत असावं लागतं. ओठ त्यासाठी. एवढं करून गिऱ्हाईक विचारतं, "भैया, इतना टाइम कायको लगता है, कॉपी-पेस्टच तो करना है." अशा माणसाला मी खुर्ची देत नाही. एकानं लग्नाची कॅसेट आणली आणि म्हणाला, यातून माझ्या साळ्याला काढून टाका. मी म्हटलं, साळा जाईल, पण तो सगळीकडे तुमच्या बायकोच्या खांद्यावर हात ठेवून उभा आहे, तिचा अर्धा खांदाही जाईल. गृहस्थ विचारात पडला. शेवटी साळा राहिला.

पण माझं खरं वेड वेगळं आहे आणि त्याची सुरुवात एका पत्र्याच्या पेटीपासून झाली. शहरातलं एक बंद पडलेलं वाचनालय सामान विकत होतं. तिथं खुर्च्यांसोबत एक पेटी माझ्या गळ्यात पडली. आत तीन-तीन मिनिटांची विलायती रिळं. घरी आणून भिंतीवर पहिलं लावलं तर एक म्हातारा काळा माणूस घराच्या पायरीवर बसून गिटार वाजवत गातोय. डोळे मिटलेले, एक पाय फळीवर ताल धरतोय. दुसऱ्यात एक लठ्ठ बाई पियानो वाजवत होती. वाजवत कसली, पियानोला खांद्यानं ढकलत होती, आणि मान वळवून कॅमेऱ्याकडे बघून हसत होती. तिसऱ्यात एक सडपातळ माणूस हातात ग्लासांचं ताट घेऊन जिना उतरत होता. प्रत्येक पायरीवर चार-चार वेळा बूट वाजवायचा आणि एकही ग्लास हलायचा नाही. ब्लूज काय, जॅझ काय, हे शब्द मला तेव्हा माहीत नव्हते. मी ती पेटी त्या दुपारी तीनदा पाहिली. बायको सुनंदा चहा घेऊन आली आणि तो ताटवाला बघून कपबशी हातात धरून तशीच उभी राहिली. चहा थंड झाला.

तेव्हापासून मुख्य सिनेमाच्या दोन रिळांच्या मधे मी ही रिळं लावू लागलो. भनपुरीत एका ट्रान्सपोर्टच्या आवारात ताडपत्रीचा पडदा बांधला होता. ड्रायव्हर, क्लीनर, हमाल, बीरगावातून आलेले कारखान्याचे लोक. पायरीवरचा म्हातारा सुरू झाला. मला वाटलं, आता शिट्ट्या, आता दगड. दोन्हीपैकी काही आलं नाही. अर्ध्यात मागच्या एका ट्रकवर कोणीतरी फाळक्यावर तळहातानं ताल धरला, मग दुसऱ्या ट्रकवर. लोखंड वाजतंय, म्हातारा गातोय, एक शब्द कोणाला कळत नाही. संपलं तसा पुढचा एक छत्तीसगढी हमाल उठून म्हणाला, "ओ गिटार वाले बबा ला एक घाँव अउ देखा न गा." मी पुन्हा लावलं. त्या वर्षी मुख्य सिनेमा कोणता होता ते मला आठवत नाही.

ही पेटी मी गमावली, आणि ती चोरीनं गेली असती तर मला एवढं लागलं नसतं. दिल्लीहून एक साहेब आले. जुन्या फिल्मांचा संग्रह करतात म्हणाले. प्रोजेक्टरचे दिवस संपत आले होते, मला लग्नांच्या कामासाठी व्हिडिओचं चांगलं मशीन हवं होतं. मी त्यांना दोन दिवस ताणलं, चहावर चहा पाजला, एकदा चक्क दुकान बंद करून घरी निघून गेलो, आणि शेवटी पेटीच्या बदल्यात त्यांचं कोरं मशीन काढून घेतलं. आठवडाभर मी तात्यापाऱ्यात मान वर करून चाललो. बऱ्याच वर्षांनी मोबाइलवर काहीतरी बघताना तो पायरीवरचा म्हातारा समोर आला. खाली लिहिलं होतं, हे दुर्मीळ चित्रण आम्हाला मध्य भारतातल्या एका लहान गावी स्थानिक भंगारवाल्याकडे सापडलं.

लहान गाव म्हणजे रायपूर. भंगारवाला म्हणजे मी.

फोन केला, भांडलो. साहेब गोड बोलले आणि काही बदललं नाही. त्या दिवसापासून माझ्या दुकानातून जे काही उतरून जातं त्याच्या सुरुवातीला पाच सेकंदांची काळी पाटी असते: माझं नाव, तात्यापारा, रायपूर. बारशाची कॅसेट असो की जावळाची. कोणाला नको असेल तर त्यानं दुसरीकडे जावं.

आता यंदाचा उन्हाळा. रेल्वे कॉलनीतल्या अँग्लो-इंडियन डोरीन आंटी दुकानात आल्या. रेल्वेच्या शाळेत त्या इंग्रजी शिकवायच्या आणि त्यांनी मला वर्गाबाहेर किती वेळा काढलं हे दोघांनाही आठवत नाही. आता ऐंशी ओलांडली आहे, पण आवाज तोच. सगळं गाव मला गजूभाऊ म्हणतं, त्या गजाननच म्हणतात. त्यांनी पिशवीतून एक गंजका डबा काढला. रेल्वे इन्स्टिट्यूटचं, म्हणजे रेल्वेवाल्यांच्या क्लबचं, जुनं कपाट रिकामं करताना चौकीदारानं तो त्यांना आणून दिला होता, कारण झाकणावरच्या कागदावर 'ख्रिसमस डान्स' आणि खाली वाजवणाऱ्यांची आडनावं होती. त्यात त्यांचंही माहेरचं आडनाव होतं.

"डैडी गार्ड थे," त्या म्हणाल्या. "बैंड में गिटार बजाते थे. शंटिंग में बाएँ हाथ की दो उँगलियाँ कट गईं. डॉक्टर बोला, अब गिटार भूल जाओ. डैडी ने गिटार उलटा पकड़ लिया. दाएँ हाथ से तार दबाना, बाएँ से बजाना. मैं छोटी थी, किचन में बैठ के देखती थी. साल भर लगा."

"मग आंटी, काम सोपं आहे. उलट्या हाताचा माणूस शोधायचा."

"सोपा नहीं है. बड़ा भाई है मेरा, ऑस्ट्रेलिया में. वो तब बोर्डिंग में था. उसको लगता है डैडी ने उसके बाद कभी नहीं बजाया, बैंड का सिर्फ ड्रम उठाते थे. बोलता है, मैं झूठ बोलती हूँ, मम्मी भी झूठ बोलती थी. साठ साल से यही चल रहा है फोन पे."

मी डबा उघडला. वास बरा होता. मी म्हटलं, मेहनतीचं मला काही नको, पण सुरुवातीला माझी पाटी राहील आणि फिल्म जगाला दाखवायचा हक्क माझा.

"स्कूल में भी तू शर्तें लगाता था," त्या म्हणाल्या. "मेरी एक शर्त. पहले मुझे दिखाएगा. फिर दुनिया को."

मी हो म्हटलं.

फिल्म मुकी होती, आणि पुढे जे झालं ते त्यामुळं. बोलत्या फिल्मला एकाच कडेला भोकं असतात, दुसऱ्या कडेला आवाजाची रेघ. अशी फिल्म मशीनमध्ये चुकीची लावायची म्हटलं तरी दात ती घेत नाहीत. घरगुती आठ मिलिमीटरचंही तेच, भोकं एकीकडे. मुक्या सोळा मिलिमीटरला मात्र दोन्ही कडांना भोकं. ती कशीही लावा, गुपचूप चालते. मी सवयीनं पट्टी ओठाला लावली, चिकटती बाजू आयुष्यभर जिकडे ठेवली तिकडे ठेवली आणि मशीन सुरू केलं.

पडद्यावर जे आलं ते बघून मी खुर्चीतून उठलो. आपलं रेल्वे इन्स्टिट्यूट. फळ्यांची जमीन, छताला रंगीत कागद, आणि मंचावर सहा जणांचा बँड कागदी टोप्या घालून. ट्रम्पेटवाला असा मागे वाकतोय की आता पडतो. ड्रमवाला दोन काड्यांमधली एक हवेत उडवून पुन्हा झेलतोय. खाली जोडपी नाचताहेत, एका साहेबाची टाय पाठीवर गेलीय, आणि बाजूच्या बाकांवर रेल्वेतली आपली माणसं, बायका-मुलं, बघायला बसलेली. आवाज नाही आणि मला सगळं ऐकू येत होतं. भनपुरीतल्या ट्रकचे फाळके पुन्हा वाजत होते. हे विलायती नव्हतं. वॅगनच्या कड्या जोडणारे हात सणाला काय करायचे ते होतं, आणि ते माझ्याच गावात, माझ्या बापाच्या साहेबांनी वाजवलेलं होतं. गिटारवाला एका कोपऱ्यात बसला होता. दिव्याचा झोत थेट तोंडावर, त्यामुळं चेहरा पांढरा धुतलेला.

मी त्याचे हात पाहिले नाहीत. हे मला कबूल करायचं आहे. मला दुसरंच सुचत होतं. मी दिल्लीच्या साहेबांना फोन लावला आणि म्हटलं, तुमच्या पेटीतल्या रिळांना मागं टाकेल असं काहीतरी आहे, पण अट एकच, पाटी पहिली. ते लगेच तयार झाले. मी फिल्म पाठवली. त्याच संध्याकाळी ती त्यांच्या पानावर चढली, वर माझं नाव, तात्यापारा, रायपूर. जाणकारांनी खाली कौतुक लिहिलं. मी सुनंदाला चारदा वाचून दाखवलं. आंटींना काय, उद्या दाखवू.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच त्या पायरीवर उभ्या होत्या.

"भाई का फोन आया था," त्या म्हणाल्या. "यहाँ से गए रेलवे वालों का ग्रुप है, किसी ने भेजा. बोला, देख लिया तेरा सबूत. गिटार वाला सीधे हाथ से बजा रहा है."

मी घाईघाईनं मशीन लावलं. गिटारवाला उजव्या हातानंच वाजवत होता. त्यांनी एकदा पूर्ण पाहिलं. पुन्हा लावू का विचारलं तर नको म्हणाल्या.

"ये डैडी नहीं है. तो बैंड वाली बात में भाई सच बोलता था." पिशवीचे बंद हातावर चढवत त्या उठल्या. दारात थांबल्या. "पहले मुझे दिखाना था, गजानन."

मी भांडकुदळ माणूस आहे. समोरच्याचा आवाज चढला की माझा चढतो, न चढला तर मला काय करावं कळत नाही. त्या दिवशी तीन गिऱ्हाइकांना परत पाठवलं.

पुढं दोन दिवस मी ती फिल्म पुन्हा पुन्हा बघत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी सुनंदा जेवणाचा डबा घेऊन आली आणि माझ्या मागं उभी राहिली.

"ही बाई आपल्याकडची दिसते," ती म्हणाली.

"कोणती?"

"बाकावरची. नऊवारी हाय न. कासोटा दिसून राह्यला." ती पुढं वाकली. "पण पदर उजव्या खांद्यावर काहून?"

"इथं घेतात तसा. सीधा पल्ला. अर्धं रायपूर घेते."

"अहो, ते पाचवारीवर. नऊवारीचा पदर कोणी उजवीकून घेते का? माह्या आईनं घेतला नाही, आजीनं घेतला नाही. अन् पोट्टंही उजव्या कडेवर. डाव्या हातानं भाकरी थापते का काय ही?"

मी तिला गप्प बस म्हणणार होतो. पण बाकावरचं सगळंच उलट्या हाताचं दिसत होतं. मी फिल्म थांबवली आणि बाजूच्या संगणकावर माझ्या आवडीच्या, हजारदा पाहिलेल्या जुन्या जॅझवाल्यांच्या फिती एकामागून एक लावल्या. गाल पाहिले होते, घाम पाहिला होता, पाय पाहिले होते. ट्रम्पेटची बटणं दाबणारा हात कोणता हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. सगळ्यांचा उजवा. इन्स्टिट्यूटच्या ट्रम्पेटवाल्याचा डावा.

फिल्म उलटी लागली होती. आरशात दिसतं तशी सगळी दुनिया फिरलेली. आणि ओठानं खोटं सांगितलं नव्हतं, चिकटती बाजू चिकटतीच होती. मी उभ्या आयुष्यात सोळा मिलिमीटरच्या फक्त कॉपी हाताळल्या होत्या. कॉपी काढताना फिल्म फिल्मला तोंडाला तोंड लावून छापतात, म्हणून कॉपीचं चित्र मूळ फिल्मच्या उलट बाजूला बसतं. जी पट्टी स्वतः कॅमेऱ्यात फिरली तिला कॉपीसारखी लावली की डावं उजवं होतं. म्हणजे हा डबा कॉपी नव्हताच. त्या ख्रिसमसला त्या हॉलमध्ये, त्या ट्रम्पेटसमोर, कॅमेऱ्याच्या पोटात जी पट्टी होती तीच माझ्या हातात होती, आणि बहुधा जगात दुसरी नाही. मी सुनंदाचे दोन्ही खांदे धरून तिला हलवलं. ती म्हणाली, "भाजी सांडते."

संगणकात एक बटण दाबलं की चित्र फिरतं. सुनंदानं ते सुचवलंही. मी ऐकलं नाही. पट्टी काढली, पलटून पुन्हा पहिल्यापासून नीट लावली. पदर डाव्या खांद्यावर आला. कोपऱ्यातल्या गिटारवाल्याचा डावा हात तारा छेडत होता. चित्र मोठं केलं. अंगठा आणि दोन बोटं. पुढं काही नाही.

जेवण तसंच ठेवून रेल्वे कॉलनीत गेलो. दार उघडून आंटी म्हणाल्या, "अब क्या है?" मी लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि म्हटलं, आंटी, मी फिल्म उलटी लावली होती. चूक माझी. तुम्हाला आधी दाखवलं असतं तर चूक घरातच राहिली असती.

त्यांनी पाहिलं. गिटारवाला आला तसं बोट पडद्याला लावलं आणि त्या मोजू लागल्या. "एक. दो. और अंगूठा." मग म्हणाल्या, "रोक मत." तीन वेळा पाहिल्यावर त्यांनी भावाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन लॅपटॉपसमोर धरला. पलीकडं एक म्हातारा चष्मा पुसत होता. फिल्म संपेपर्यंत तो चष्मा डोळ्यांवर दाबून धरून बसला. मग इंग्रजीत काहीतरी पुटपुटला. मी विचारलं, काय म्हणाले.

"बोलता है, ड्रम भी उठाते थे," आंटी म्हणाल्या आणि हसत हसत पदराला हात घालावा तसा फ्रॉकचा खिसा चाचपून रुमाल काढला.

दिल्लीच्या साहेबांचं म्हणणं, चुकीची काढून बरोबरची गुपचूप चढवू, कोणाला कळणार नाही. खरंच कळलं नसतं. इतके जाणकार कौतुक करून गेले, ट्रम्पेटवाल्याचा हात एकालाही दिसला नव्हता. पण मी तासभर घासाघीस करून पाटीखाली दोन ओळी घालून घेतल्या: आधी फिल्म उलटी लावली होती, चूक दुकानाची, ती ओळखली माझ्या पत्नीनं, पदरावरून. चुकीची फिल्म त्यांच्याकडून काढवून घेतली आणि माझ्या मशीनमधूनही पुसली. आता त्या पानावर सुनंदाचंही नाव आहे. पायरीवरच्या म्हाताऱ्याखाली भंगारवाला अजून तसाच आहे. ते भांडण चालू आहे.

आठवड्यानं आंटी पुन्हा दुकानात आल्या. या वेळी मी खुर्ची पुसून दिली.

"वो पहले वाली भी दे," त्या म्हणाल्या. "उलटी वाली."

"आंटी, ती पुसली. तिचं काय करता?"

"एक्सीडेंट हुआ तब मैं चार साल की थी. डैडी पहले सीधे हाथ से कैसे बजाते थे, मुझे याद ही नहीं." त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "उसमें देखा था."

मी डबा उघडला. पट्टी ओठाला लावायची गरज नव्हती. मुद्दाम, नीट, सावकाश उलटी लावली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत मशीनजवळ उभा राहिलो. पेन ड्राइव्ह त्यांनी तिथंच लावून पाहायला मागितला. फिल्म सुरू झाली तशी त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तेरा नाम नहीं है इसमें."

"आंटी, ती चुकीची आहे."

"किसने बोला?"

मी पेन ड्राइव्ह परत घेतला आणि पाटी जोडून दिली.